सपाट जीभ

परवा नातीनं बर्फाचा गोळा खाऊन लालभडक जिभेची नळीसारखी गुंडाळी केली आणि मला शिरूरच्या मिशनच्या शाळेतला जीवशास्त्राचा तास आठवला. बाई म्हणाल्या होत्या, "अशी गुंडाळी जमणं आईबापांकडून, रक्तातून येतं." लगेच सगळा वर्ग जिभा काढून बसला. माझी मात्र भाकरीसारखी सपाट! घरी येऊन बघते तर आई, वडील, दादा, सगळे पटापट गुंडाळी करतायत. दादाला तेवढंच पाहिजे होतं. "मी म्हनत न्हवतो? हिला कवठ्याच्या बाजारातनं शेरभर शेंगा देऊन आणलीया!" एवढी मोठी घोडी मी, पण ते खरं मानून कांद्याच्या वाफ्यात बसून भोकाड पसरलं. तेवढ्यात वरवंडची आत्या आली. तिच्यापुढं वडीलही मान वर करत नसत. मी शहाणी, पाया पडायचं सोडून तिच्यासमोर जीभच काढली. "मला वेडावून दावतीस व्हय गं भवाने?" म्हणत तिनंही रागानं जीभ काढली. सपाट! "आत्या, गुंडाळ ना, गुंडाळ!" तिनं डोळे बारीक केले, गाल फुगवले, पण जीभ काही वळेना. "न्हाई जमत बया," ती म्हणाली, तशी मी तिच्या गळ्यातच पडले, वाफाभर नाचले, कांद्याची रोपं तुडवली आणि त्याबद्दलचा मारही हसत खाल्ला. आता नात म्हणते, "आजी, ते इतकं सरळ नसतं, जिभेवरून कोण कुणाचं ते ठरत नाही." माझी आत्याचीच जीभ होती, ती मी तिला काढून दाखवली.