आई आंबिवलीला सापडल्या

सासूबाईंचं देवळात जाणं मीच बंद केलं होतं. त्यांना मी आईच म्हणते. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागलेला. विठ्ठलवाडीतल्या आमच्या घरापासून दत्ताचं देऊळ पाच मिनिटांवर, पण एका गुरुवारी त्या वाट चुकून भलत्याच गल्लीत बसलेल्या दिसल्या. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप घालू लागले. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीनवर बसून लक्ष तरी किती ठेवणार? "देव काय घरात नाही का?" असं त्यांना म्हणायचे, पण माझाच देवावर फारसा विश्वास उरला नव्हता. सगळं मी एकटीच ओढतेय असं वाटायचं आणि तो राग आईंवर निघायचा.

एका सकाळी गिऱ्हाइकाला ब्लाऊज द्यायला खाली उतरले आणि कुलूप राहिलं. दहा मिनिटांत परत आले तर घर रिकामं. आधी देवळात धावले. आई तिथे नव्हत्या. तिथल्या गुरुजींनी माझा नंबर लिहून घेतला. मिस्टर कामावरून आले, गल्ल्या पालथ्या घातल्या, पोलीस चौकीत नाव नोंदवलं. दुपारी चौकीच्या बाकावर बसले असताना, कितीतरी दिवसांनी मनापासून म्हटलं, "दत्त महाराज, माझ्याच्याने होत नाही. आता तुम्हीच बघा."

थोड्या वेळाने गुरुजींचा फोन आला. "आजी आंबिवलीला आहेत, देवीच्या देवळात. सुखरूप आहेत."

आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा देवळाच्या ओट्यावर चार-पाच बायका वाती वळत बसल्या होत्या आणि त्यांच्यात आई. घरी त्यांना साधी बटणं लावता येत नाहीत, इथे बोटं भराभर चालली होती. आईंच्या शेजारी बसलेल्या मावशी तिथल्याच गावच्या. त्या म्हणाल्या, "सकाळी पायरीवर बसलेल्या. नाव इचारलं तर सांगता येईना. म्हटलं, आधी जेवू घालू. मग हातात कापूस दिला. वाती वळता वळता आपसूक बोलल्या, विठ्ठलवाडी, दत्ताचं देऊळ. आमच्या पुजाऱ्यानं तिथला नंबर शोधून फोन लावला."

मी त्यांचे आभार मानू लागले, तर म्हणाल्या, "देवाच्या दारी आलेलं माणूस परकं कसं असेल, बाय?"

आई एकट्या एवढ्या लांब आंबिवलीपर्यंत कशा गेल्या, ते आजही कळलेलं नाही आणि मी ते खोदत बसत नाही. एवढंच कळलं की स्वतःचं नाव विसरलेल्या माणसालाही जिथे जागा मिळते, त्या जागेपासून मी त्यांना तोडत होते. आणि त्यांना सांभाळणारी मी एकटी, हाही माझा गैरसमजच होता.

आता गुरुवारी मशीन बंद ठेवून मी त्यांना देवळात नेते. बाकीच्या बायका त्यांच्याकडे बघतात, मी थोडी निवांत बसते. मागच्या गुरुवारी आरतीनंतर आईंनी एका नव्या बाईंना माझी ओळख करून दिली. "ही माझी मुलगी." सून हा शब्द त्या विसरल्या असतील. मी दुरुस्त केलं नाही. दत्तासमोर हात जोडले आणि त्यांचा हात धरून पायऱ्या उतरले.