सुकेळीवालीची हाक

सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, पुडीचा तो वाळक्या पानांचा गोडसर वास आला की मला होळीच्या बाजारातली ती सकाळ आठवते. त्या वर्षी सीमेवर सैन्य उभं होतं. लढाई लागली होती असंही नाही आणि नव्हती असंही नाही, पण बेवारस वस्तूला हात लावू नका, असं भोंगे दिवसभर ओरडत. मी नव्या इमारतींत वायरिंगची कामं घ्यायचो आणि दर सणाला एकाच बाईकडून सुकेळी न्यायचो. आमची रीत ठरलेली. भाव पटला नाही की मी पिशवी तिच्या टोपलीशी ठेवून तरातरा निघायचो, आणि लगेच तिची हाक यायची, "ओ शेट, रागावता कशाला? या मागं!" त्या दिवशी हाक आली नाही. "पिशवी कोणाची?" असा गलका झाला. वळून पाहिलं तर माणसं पांगत होती आणि हवालदार पिशवीवर काठी रोखून उभा होता. "माझी आहे! या बाईला विचारा, दर सणाला येतो मी!" मी ओरडलो. पिशवीतून वायरचं भेंडोळं डोकावत होतं. तिने ते पाहिलं, मग मला पाहिलं. "कोन जाने बाबा, मी नाय वलखत." भर बाजारात मला एकेक वस्तू बाहेर काढून दाखवावी लागली. सैन्य पुढे माघारी आलं म्हणतात. मी अजून तिच्याशीच भावासाठी भांडतो. "ठेवा की पिशवी खाली," ती म्हणते. मी ती काखेत घट्ट धरून ठेवतो, आणि तिचीही नजर पिशवीवरून हलत नाही.