भाऊंची पगारी टीम

आमची हॉकीची टीम तिकीट लावल्यामुळे बुडाली.

ती टीम काढणारे भाऊ म्हसकर काल गेले. ब्याण्णव वर्षांचे होते.

मुलुंडच्या जुन्या लोकांना ते गिरणीवाले भाऊ म्हणून माहीत असतील. हॉकीवाले भाऊ आठवणारा आता बहुतेक मीच उरलोय, म्हणून लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या. घरात सध्या ऐकायला कोणी नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. भाऊंची पिठाची गिरणी होती आणि डोक्यात हॉकी. स्वतः एकही मॅच खेळलेले नव्हते. लष्करातल्या मामाकडे कधीतरी सुट्टीत गेले, तिथे हॉकी पाहिली आणि कामातून गेले.

दर रविवारी मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा स्वतः मारायचे. लोक चेष्टा करायचे, भाऊ आपल्या दळणातलं पीठ मैदानावर टाकतात.

टीम झकास होती. त्रास एकच. कोणी जरा बरा खेळायला लागला, की एखादी बँक नाहीतर कारखाना त्याला नोकरी देऊन उचलायचा. तेव्हा खेळाडूला पगार मिळायचा तो असाच.

भाऊंकडे द्यायला होतं काय? मॅचनंतर वहिनींच्या हातची भजी.

मग भाऊंनी ठरवलं, पगार आपणच द्यायचा. महिन्याच्या महिन्याला, अकराही जणांना. मुलुंडची स्वतःची प्रोफेशनल टीम!

रविवारी मैदानाभोवती ही गर्दी असायची. त्यांनी चार-चार आणे दिले तरी सगळं भागतंय, असं भाऊंचं म्हणणं.

मैदानाला भिंत नव्हती. म्हणून मांडववाल्याकडून लग्नाची कनात आणून चारी बाजूंनी बांधली. लाल-पांढरी. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका विचारायच्या, लग्न कुणाचं आहे.

पहिल्या रविवारी आत एकोणीस माणसं होती. त्यात वहिनी आणि त्यांच्या माहेरचे सहा.

बाकीचं मुलुंड कनातीबाहेर उभं. आपल्याच पोरांचा खेळ आपणच विकत बघायचा, हे कुणाच्या पचनी पडेना. पण घरीही कोणी जाईना. कान देऊन उभे.

मी राइट आउट खेळायचो. म्हणजे उजव्या कडेने पळायचं, कनातीला लागून. पलीकडून आवाज यायचा, "बंड्या, किती झाले रे?"

आणि मी पळता पळता सांगायचो. दोन-एक, आपले दोन.

बाहेर टाळ्या पडायच्या. आत आमच्या श्वासांचा आवाज. भरलेल्या मैदानाची सवय झालेली, त्यामुळे फार एकटं वाटायचं.

फुकटात स्कोअर वाटणारा मी, आणि तिकिटं का खपत नाहीत म्हणून डोकं खाजवणाराही मीच. भाऊंना ते कळत होतं. कधी बोलले नाहीत.

तीन महिने पगार मिळाला. चौथ्या महिन्यात गिरणीतलं मिरची कांडायचं मशीन दिसेना. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते तुमच्या पगारात गेलं. आणि हे आपण सांगितलं असं भाऊंना कळू देऊ नकोस, असंही म्हणाल्या.

त्याच महिन्यात विक्रोळीच्या एका कारखान्याने मला बोलावलं. सकाळी टाइम ऑफिसात क्लार्क, चारनंतर प्रॅक्टिस. वडील रिटायर झालेले, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. भाऊंना जाऊन सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "परमनंट करणार ना तुला? नीट विचारून घे."

माझ्यामागून आणखी चौघे गेले. कनात परत गेली. मैदान मोकळं झालं, पण लोकांची सवय मोडली ती मोडलीच. आता फुकटातही कोणी येईना.

वर्षभराने आमच्या कारखान्याची टीम मुलुंडला खेळायला आली. फ्रेंडली मॅच, ना कप ना शील्ड. आम्ही चौदा जण गेलो होतो. भाऊंकडे दहाच जमले.

भाऊ आमच्या बाजूला आले. मला जरा लांब घेऊन गेले.

"बंड्या, आजच्या दिवस इकडून खेळतोस का रे? नाहीतर टीम मोडेल बघ."

आमच्या कॅप्टनने हसत हो म्हटलं असतं. फ्रेंडलीत असं सर्रास चालायचं. पण कारखान्याचे मोठे साहेब खुर्ची टाकून बसले होते, आणि माझं कन्फर्मेशन व्हायचं होतं.

मी म्हणालो, "भाऊ, बरं दिसत नाही ते."

"हं. तेही खरंच," म्हणाले.

मग पँट दुमडून पॅड बांधले आणि स्वतः गोलमध्ये उभे राहिले. आयुष्यातली पहिली मॅच.

मी त्यांच्यावर तीन गोल मारले. शेवटचा नसता मारला तरी चाललं असतं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात मी परमनंट झालो. भाऊंची टीम त्यानंतर कधी मैदानात उतरली नाही.

त्यांची गिरणी माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. त्या दिवसापासून आमचं दळण मी दुसरीकडे न्यायला लागलो. लग्न झाल्यावर बायको विचारायची, जवळची गिरणी सोडून लांब कशाला? मी सांगायचो, भाऊ जाड दळतात. ती गेली तोवर तिला तेच खरं वाटत होतं.

भाऊ रस्त्यात दिसले की हात वर करायचे. मी घाईत असल्यासारखी मान हलवून सटकायचो. रिटायर झाल्यावर मला कसली घाई होती, देव जाणे.

पन्नासहून जास्त वर्षं हे असंच चाललं.

काल स्मशानात सात-आठ माणसं होती. त्यांच्या मुलीने हात जोडून विचारलं, "काका, तुम्ही बाबांच्या ओळखीतले का?"

मी म्हणालो, "गिरणीचं जुनं गिऱ्हाईक."

भाऊ, खोटं सांगितलं तिला. मी तुमच्या टीमचा राइट आउट होतो. आणि त्या दिवशी मी तुमच्याकडून खेळायला हवं होतं.

बरं भाऊ, या आता. शेवटचा नमस्कार.