बावन्नावर थांबलेले मालक

‘वहिनी, होळी झाली की टेम्पो घेऊन येतो. तोवर काय ते ठरवा,’ असं गिरणी विकत घेणारा माणूस सांगून गेला, आणि मी ठरवायचं सोडून कोल्हापूरला निघाले.

गिरणी म्हणजे सांगोल्यातली आमची पिठाची गिरणी. हे गेल्यापासून बंद होती. अधूनमधून कुलूप काढून मी पुढचा भाग झाडायचे आणि परत कुलूप लावायचे. एवढाच तिचा आणि माझा संबंध उरला होता.

मी सातवीपर्यंत शिकले. वाचायची सवय गिरणीतच लागली. दळण होईपर्यंत बसून करायचं काय? आधी पुडीचे कागद, मग वाचनालयाची पुस्तकं. तिथेच एका मासिकात लेख सापडला. कोणत्या देशात धंदा करणारी माणसं कोण असतात, बाई की पुरुष, वय काय, शिक्षण काय, असा. गरीब देशांत पुष्कळ जण स्वतःचं काहीबाही चालवतात. त्यांत तरुण असतात, बायकाही असतात. शिक्षण थोडं, आणि नोकरी मिळत नाही म्हणून केलेला धंदा. श्रीमंत देशांत अशी माणसं कमी, पण शिकलेली, संधी दिसली म्हणून उतरलेली. आपल्यासारखे मधले देश कुठेतरी मध्ये. मी त्यात स्वतःला शोधलं. वय चौपन्न, शिक्षण सातवी. धंदा सुरू केला नवऱ्याने, मागे उरले मी. अशी बाई त्या लेखात नव्हती.

कोल्हापूरला माझ्या नणंदबाई राहतात. त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, ‘वहिनी, हितं गल्लीगल्लीत बायका कांडप चालवत्यात. मासिकात काय शोधतीस? ये की.’ कांडप म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, आमच्या गिरणीचं तिखट भावंड.

सांगोल्याहून मिरजेपर्यंत रेल्वे, तिथून कोल्हापूरची पॅसेंजर. तिकीट किरकोळ आहे, पण मिरजेला पुष्कळ थांबावं लागतं, तेव्हा डबा बरोबर घ्या. पॅसेंजरमध्ये समोर जयसिंगपूरच्या एक जैन बाई बसल्या होत्या. मांडीवर साड्यांचा गठ्ठा. कापडाचं दुकान होतं.

‘दुकान कोणाचं?’ मी विचारलं.

‘मामंजींचं.’

‘अजून बसतात?’

‘बसतात की. भिंतीवर.’

त्या हसल्या, मीही हसले. मग त्यांनी सांगितलं, फोटोचं तोंड गल्ल्याकडे आहे. एकदा रंग देताना तो दुसऱ्या भिंतीला लावला, तर दिवसभर त्यांना हिशोब जमेना. शेवटी परत पहिल्या खिळ्यावर टांगला. ‘पाठीवर नजर असली की हात चालतो बघा,’ असं म्हणून त्या उतरल्या. पुढे हातकणंगल्यापर्यंत मी उसाच्या फडांकडे बघत होते. माझ्याही पाठीला काहीतरी जाणवत होतं. मागे वळून बघितलं तर नुसतं लाकडी बाक.

दुसऱ्या दिवशी मिसळ खाऊन (तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागा, हसतील पण देतील) मी रिक्षाने कळंब्याच्या बाजूला गेले. नणंदबाईंनी मंगलताईंचं कांडप सांगितलं होतं. आधी तळ्यावर थांबले. ऊन चढलेलं, तरी पाण्यावर एक रेघ हलत नव्हती. पलीकडे कळंब्याच्या तुरुंगाची भिंत लांबवर गेलेली. आत इतकी माणसं असून आवाज काहीच कसा नाही, असं मनात आलं, आणि मी जरा भरभर चालू लागले.

कांडपाचा पत्ता विचारावा लागत नाही. नाक सांगतं. जाणार असाल तर ओला रुमाल न्या आणि तोंडात गुळाचा खडा ठेवा. पत्र्याची शेड, ओळीने चार उखळं, त्यांत वरखाली आपटणारे लोखंडी डंख, म्हणजे यंत्राची मुसळं. भाजलेल्या मिरच्यांचे, धण्याखोबऱ्याचे डबे घेऊन बायका बसलेल्या, पदर नाकाला. दारावर पाटी होती, ‘पांडुरंग कांडप’. मंगलताई साठीच्या आसपासच्या, तिखटाने भुवयांपर्यंत लाल.

‘या पावणं, बसा की. मसाला कुठाय?’

‘मसाला नाही, बघायला आलेय.’

‘बघून काय पोट भरतंय व्हय?’ सगळ्या बायका हसल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून कोणीतरी पांडुरंग मालकांना विचारत होतं. मंगलताई म्हणाल्या, ‘ते कामात हायत. मला सांगा.’ मी आत बघितलं. आत डंखांशिवाय कोणीच नव्हतं.

मग पाहणीवाली एक मुलगी आली, हातात टॅब, दोन शिंका देऊन उभी राहिली. छोट्या धंद्यांची माहिती गोळा करत होती. मासिकातले लेख असेच कुठूनतरी तयार होत असणार, म्हणून मी कान दिला.

‘मालकाचं नाव?’

‘पांडुरंग.’

‘वय?’

‘बावन्न.’

‘शिक्षण?’

‘धावी.’

‘धंदा का सुरू केला?’

‘हौस त्यांना. दुसरं काय?’

‘तुम्ही मदत करता ना, मावशी?’

‘व्हय. मी मदत करते.’

मुलगी शिंकत निघून गेली. माझ्या शेजारची बाई हळूच म्हणाली, ‘गेल्या बारीला बी बावन्नच सांगितलंतं.’

मी मंगलताईंना विचारलं, ‘मालक कधी गेले?’

‘लेक तवा शाळंत हुता. आता त्येला दोन पोरं हायत.’ त्यांनी उखळातली चटणी चाळणीत ओतली. ‘बाईचं कांडप म्हटलं की दर पाडून मागत्यात. आन् पाटीवरनं त्यांचं नाव काढलं तर त्यांनी ऱ्हायचं कुठं?’

संध्याकाळी नणंदबाईंकडे जेवताना मी मनात हिशोब करत होते. जगातल्या त्या सगळ्या लेखांमध्ये, मधल्या वयाचे, मध्यम शिकलेले जे पुरुष असतात, त्यांत असे कितीजण असतील? दरवर्षी तेवढ्याच वयाचे. त्यांच्या हाताखाली ‘मदत करणाऱ्या’ बायका म्हाताऱ्या होतात आणि मालक बावन्नावरच थांबतो. पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. मलाही कोणी विचारलं असतं, तर मी ह्यांचंच नाव सांगितलं असतं.

मंगलताईंनी सांगितलं होतं, ‘उद्या उघडताना या.’ म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळीच गेले. पाच-सहा बायका आधीच आलेल्या. मंगलताईंनी उदबत्ती लावली, उखळांना हळदकुंकू वाहिलं आणि त्या बटणापाशी उभ्या राहिल्या. मग आतल्या अंधाराकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, ‘लावू का?’

सगळ्या बायका गप्प झाल्या. खोकलासुद्धा थांबला. पत्रा तापताना टक टक वाजतो, तेवढाच आवाज. सगळ्यांना ही वेळ माहीत होती. सगळ्याजणी थांबल्या होत्या.

आणि मी म्हणाले, ‘लावा.’

माझ्याच तोंडून गेलं. आमच्या गिरणीत हे मोटारीपाशी असायचे आणि मी जात्यापाशी. कोणाचा हात आत नाही ना, म्हणून रोज ते विचारायचे, ‘लावू का?’ मी म्हणायचे, ‘लावा.’ सगळा संसार त्या एका शब्दावर गेला. कोणी विचारल्याबरोबर तोच शब्द तोंडात आला.

मंगलताईंचं बोट बटणाला टेकलं होतं. ते तिथेच थांबलं. त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की मला पळून जावंसं वाटलं. त्याच वेळी शेवटच्या उखळामागून आवाज आला, ‘अगं थांब की मंगल! कालचं तिखट ऱ्हायलंय तळाला.’ एक म्हातारी उकिडवी बसून उखळात कोपरापर्यंत हात घालून पुसत होती. वर डंख उभा होता.

म्हातारी हात झटकत बाहेर आली, तिला काही कळलंच नव्हतं. मी खालीच बसले. मी मंगलताईंना गिरणीचं, ह्यांचं, सगळं सांगितलं. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

‘बाप्याचा आवाज असता तर मी दाबलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘इतकी वर्सं वाट बघतेय न्हवं मी.’

‘मग रोज विचारता कशाला? उत्तर तर येत नाही.’

‘येत न्हाय म्हणूनच की. ते हुते तवा मी कधी आत वाकून बघितलं न्हाय. ते लाव म्हणायचे, मी लावायची. आता इचारते, थांबते, उत्तर येत न्हाय. मग आपल्या पायानं जाऊन चारी उखळं बघून येते.’ त्या उठल्या. ‘तुमच्या गिरणीत कोण बघतंय?’

त्या गेल्या, एकेका उखळात वाकून बघितलं, परत आल्या आणि बटण दाबलं. निघताना माझ्या हातात चटणीची पुडी दिली. पैसे देऊ केले तर शिव्या मिळाल्या.

सांगोल्याला परतले आणि होळी झाल्यावर तो माणूस टेम्पो घेऊन आला. मी म्हटलं, ‘थांबा, एकदा चालू करून बघते.’ कुलूप काढलं, मोटारीपाशी गेले. आजवर मी त्या जागी कधी उभी राहिले नव्हते. जात्याकडे तोंड करून विचारलं, ‘लावू का?’

तिथे मी असायचे. आता तिथे कोणीच नव्हतं. पिठाचा जुना वास होता आणि शांतता होती, आणि ती शांतता माझ्याकडे बघत होती.

‘वहिनी, कुणाला विचारताय? आत कोण आहे?’ तो दारातून म्हणाला. आत पाऊल टाकायला तो तयार नव्हता.

‘कोणी नाही. म्हणून बघून येते.’

जात्याकडून पट्ट्याच्या मागे गेले. झाडताना मी तिथे कधी गेले नव्हते. चाकाच्या दांड्यावर ह्यांचा पंचा टांगलेला होता, पिठाने कडक झालेला, त्यांनी शेवटी ठेवला तसा. तसंच बटण दाबलं असतं तर चाकाने तो आत ओढला असता. मी तो काढला, छातीशी धरला. मग खुंटीला लावला आणि बटण दाबलं. जातं कुरकुरलं आणि फिरायला लागलं.

टेम्पो रिकामा गेला.

पाटीवर ह्यांचं नाव आहे, ते राहील. रोज सकाळी विचारते, थांबते, मग बघून येते. काही सकाळी थांबणं जरा लांबतं. उत्तर यावं असं वाटतं, आणि आलं तर काय करू, असंही वाटतं. तुम्ही कधी कोल्हापूरला कांडपावर गेलात आणि तिथल्या बाईने अंधाराला काही विचारलं, तर कृपा करून गप्प बसा.

आमच्याकडे पाहणीवाली मुलगी अजून आलेली नाही. आली तर तिला सांगायचंय, मालकाचं वय चौपन्न. आणि पुढच्या वर्षी येशील तेव्हा पंचावन्न लिही, बाई.