डाव्या हाताची रवळी

एका माणसाचा भात शिजवणं अवघड असतं. दोघांच्या भाताचा अंदाज हातातच असतो. एकाचा म्हटला की हात अडखळतो. मूठभर तांदूळ काढले तर वाटतं, एवढ्यानं काय होणार. आणखी थोडे टाकले की भात उरतो. यजमान गेले त्या वर्षी माझा उरलेला भात रोज शेजारच्या काकीच्या कोंबड्यांना जायचा.

"बाय, माझ्यो कोंबड्यो आता किड्यांकडे बघूक तयार नायत," काकी कुंपणापलीकडून म्हणायची. "तांदूळ जरा हात आखडून घी मगो."

आम्ही दोघं मिठबावला शिक्षक होतो. ते शाळेतल्या वरच्या वर्गांना शिकवायचे, मी खालच्या. मूलबाळ नव्हतं. घरात पुस्तकं होती, आणि पडवीच्या कोपऱ्यात चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांचा एक भारा कायम उभा असायचा. रविवारी सकाळी ते अंगणात बसून कोयतीने काठ्या फोडायचे, त्यांच्या पातळ पात्या काढायचे, आणि दुपारभर पायरीवर बसून विणायचे. हा उद्योग त्यांनी लहानपणी कुणाच्या तरी खळ्यात बसून, नुसता बघून उचलला होता. परड्या, टोपल्या, आणि सगळ्यांत जास्त रवळ्या. देशावर जिला रोवळी म्हणतात तीच; बूड चौकोनी, तोंड गोल, तांदूळ धुवायची.

मास्तरांनी टोपल्या विणाव्यात हे गावाला जरा विचित्र वाटायचं. काकी तर तोंडावरच विचारायची.

"मास्तरांनू, सरकार पगार देता मा तुमका? मगे ह्यो टोपल्यो कित्याक?"

"तुका एक फुकट देतंय, काकी," ते मान वर न करता म्हणायचे. "पण उलटी आसा हां. भात पण उलटो शिजतलो."

ती खरोखरच उलटी असायची. ते डावखुरे होते. लहानपणी वडिलांनी आणि शाळेतल्या मास्तरांनी छडीनं तो हात मागे सारला होता. त्यामुळे जेवण उजव्या हातानं, लिहिणं उजव्या हातानं, फळ्यावरची अक्षरंसुद्धा उजव्या हाताची. फक्त विणताना कोणी अडवायला नव्हतं, म्हणून तिथे डावा हात पुढे यायचा. पात्यांपैकी काही ते महिनाभर चुलीवरच्या धुरात ठेवत. त्या गडद तपकिरी होत, आणि पिवळ्या पात्यांमध्ये त्या घातल्या की रवळीच्या अंगावर तिरपे पट्टे उमटत. बाजारातल्या टोपल्यांवर असे पट्टे डावीकडून उजवीकडे चढत जातात. आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंवर ते उजवीकडून डावीकडे चढत.

त्यांची बांद्याला बदली झाली होती तेव्हाची पत्रं माझ्याकडे आहेत. सरहद्दीपलीकडे गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, आणि पत्रांत तिकडच्या पावाचं फार कौतुक असे. अक्षर सुरेख, एकसारखं, वळणदार. ते गेल्यावर मी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचली, आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की हे अक्षर त्यांचं नव्हे, त्यांना लावलेलं आहे. त्यांचा स्वतःचा हात पत्रांत नव्हता. तो रवळीत होता.

बाकीच्या टोपल्या त्यांनी हयातीतच वाटून टाकल्या होत्या. घरात राहिली ती एकच, आमची रोजची. एका सकाळी पेजेसाठी उकडे तांदूळ धुताना तिची एक पाती काठाजवळ मोडली. बारीकसा आवाज झाला. मी तांदूळ तसेच ताटात ओतले आणि रवळी पुसून, उन्हात वाळवून, त्यांच्या काळ्या कोटाच्या घडीवर पेटीत ठेवली. वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. मला वाटलं, आता ती टिकेल.

त्यानंतर मी तांदूळ तपेलीत धुऊ लागले. पाणी ओतताना तळहात आडवा धरायचा. तरी बोटांमधून दाणे निसटत. मूठभर तांदळातले ते दाणे गेलेले डोळ्यांना दिसत. मग कधी कधी मी तांदूळ काढतच नसे. संध्याकाळी शाळेतून आले की सकाळची पेज गरम करून प्यायची आणि पुस्तक घेऊन बसायचं. पुढे पेजही रोज होईना. चूल पेटवावी असं वाटायला घरात दुसरं माणूस लागतं, असं मी मनाशी म्हणत असे.

पावसाळा संपल्यावर कपड्यांना ऊन दाखवायला पेटी उघडली. कोटावर पिवळी पूड सांडली होती, गव्हाच्या पिठासारखी मऊ. रवळी उचलली तर आणखी पूड गळली. वरच्या पात्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती.

मी तशीच ती घेऊन काकीच्या मागीलदारी गेले. काकी नारळ सोलत होती.

"पेटयेत ठेवलंस?" तिनं हात थांबवला. "अगो, ह्या काय लुगडा आसा? बांबूक पाणी व्हया, नायतर चुलीचो धूर. कोरडो ठेवलंस की भुंगो खातलोच."

"माका वाटला, वापरली तर मोडात."

"मोडतली तर. रवळी ती. मोडली तर नवी पाती घालूची." मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "जेवलंस काय तू?"

मी रवळी तिच्यापुढे धरली. तिनं रवळी हातात घेऊन उलटी केली. बूड आणि त्याच्या वरचा चारेक बोटं भाग शाबूत होता. तेवढाच रोज पाण्यात बुडत असे. किडीनं खाल्ला होता तो वरचा, कोरडा राहणारा भाग; नेमका पट्ट्यांचा.

घरी येऊन मी ती दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली. पडवीतला भारा अजून तसाच होता, पण त्या काठ्या वाळून गेल्या होत्या. काकीच्या मुलानं घरामागच्या परड्यातून दोन ओल्या काठ्या आणून दिल्या आणि त्या फोडूनही दिल्या. पात्या मीच तासल्या. जाड, वेड्यावाकड्या झाल्या. काही चुलीवर धुरात टांगल्या. त्यासाठी चूल रोज पेटवावी लागली, आणि पेटवलीच आहे म्हणून मी तिच्यावर काही ना काही ठेवू लागले. बहुतेक कुळथाची पिठी. एका माणसाला ती बरी पडते: लसणीची फोडणी, पाणी, कोकमाची दोन सोलं, मूठभर पीठ, घट्ट झाली तर पातळ करता येते, कमी पडली तरी भात रंगतो.

पात्यांना रंग चढल्यावर मी किडकी पाती एकेक काढून तिच्या जागी नवी सरकवू लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी रवळी दूर धरून पाहिली. त्यांचा पट्टा डावीकडे चढत येत होता, आणि जिथे माझी वीण सुरू होत होती तिथून तो वळून उजवीकडे जात होता. मी सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोक्यानं कितीही ठरवलं तरी माझा उजवा हात त्याच्या सवयीच्या बाजूला वळे.

शेवटी रवळी उजव्या हातानं धरली आणि पाती डाव्या हातात घेतली.

तो हात फार मूर्ख होता. बोटं एकमेकांत अडकत, पात्या निसटत, कडा तळव्यात शिरत. पण पट्टा डावीकडे चढू लागला. मी पायरीवर, त्यांच्याच जागी बसत असे, कारण उजेड तिथेच चांगला येई.

एका तिन्हीसांजेला मान वर केली तेव्हा काकी अंगणात उभी होती. हातात केळीच्या पानात काहीतरी गुंडाळलेलं. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"काय गो काकी?"

"काय नाय." ती पायरीजवळ आली. "लांबसून बघलंय तो डावो हात. माका वाटला..."

"काय वाटला?"

"काय नाय म्हटलंय मा! चूल पेटय. भाजलेलो बांगडो हाडलंय. भात कर, आणि माझ्यो कोंबड्यो आसत ह्या ध्यानात ठेव."

त्या दिवशी मी दुरुस्त केलेल्या रवळीत तांदूळ धुतले. एका माणसाचे तांदूळ तिच्या चौकोनी बुडात एका कोपऱ्यात जाऊन बसले. पाणी पात्यांमधून खाली गळलं, दाणा एकही गेला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रवळी रोज भिजते, रोज चुलीवरच्या खुंटीला टांगली जाते, आणि वर्षाकाठी तिची एखादी पाती मोडते. मी ती बदलते. त्यांच्या हाताच्या पात्या कमी होत चालल्या आहेत. कुठल्या त्यांच्या आणि कुठल्या माझ्या हे मला अजून लगेच कळतं. त्यांच्यासारखी पातळ पाती मला कधी काढता आली नाही. एक दिवस त्यांची एकही उरणार नाही. पेटीतच राहू दिली असती तर तो दिवस केव्हाच येऊन गेला असता.

शाळेतून दमून आले की अजूनही कधी कधी पुस्तक घेऊन तसंच पडावंसं वाटतं. मग खुंटीकडे लक्ष जातं. आज रवळीला पाणी लागलेलं नाही. मी उठते, तांदूळ काढते. हात अजून अडखळतो, आणि थोडे जास्तच पडतात.