दहापैकी दोन गुणांची शेळी

सात नंबरची शेळी दातांवर दात घासत होती. करकर आवाज दारापर्यंत येत होता. शेळीला खूप दुखलं की ती ओरडेलच असं नाही, पण असे दात घासते. आणि माझ्या हातातल्या तक्त्यात तिचं दुखणं होतं दहापैकी दोन!

मी पशुवैद्यक, काम भुलीचं. जन्म कोलकात्यातल्या बालीगंजचा, त्यामुळे मराठी घरात आणि बंगाली बाकी सगळीकडे.

आमची ट्रायल साधी होती. मागच्या पायाच्या ऑपरेशनआधी शेळीला एपिड्युरल द्यायचं. म्हणजे पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, सुईने वेदनाशामक सोडायचं. निम्म्या शेळ्यांना जुनं औषध, निम्म्यांना नवं. कुठलं जास्त वेळ टिकतं ते बघायचं. गुणांचा तक्ता मीच केला होता, गुण जास्त म्हणजे दुखणं जास्त: उभं राहणं, पाय टेकणं, चारा खाणं. खाणारी शेळी दुखण्यात नसते, असं मानून निम्मे गुण मी न खाण्याला दिले. एकूण पाचच्या वर गेले की ट्रायल गेली खड्ड्यात, लगेच वेदनाशामकाचं जादा इंजेक्शन. ही अट मी हट्टाने घातली होती.

कुणाला कोणतं औषध दिलं, हे गुण देणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. मी तर शेळ्या सांभाळणाऱ्या निमाईदांना काहीच सांगितलं नव्हतं. शहाणी ना मी!

"निमाईदा, ही चारा खाते?"

"खाते ना दीदी, सगळा."

"स्वतःहून?"

ते जरा घुटमळले. "गव्हाणीकडे जातच नाही ती. मी जवळ बसतो, गळा चोळतो, फणसाचं एकेक पान तोंडात घालतो. उपाशी कशी ठेवू? तुम्ही रोज उरलेला चारा मोजता. वाटलं, उरला तर मीच बोलणी खाणार."

"अजून किती जणींना भरवलंत?"

"दुखत होतं त्या सगळ्यांना."

सात नंबरला तिथल्या तिथे इंजेक्शन दिलं. आधीच्या सहा जणी एव्हाना चालायला लागल्या होत्या. त्यांचं दुखणं त्यांनी भोगून संपवलं होतं. त्यासाठी आता माझ्याकडे कुठलंच औषध नव्हतं.

आमचे हेड म्हणाले, "फीडचा कॉलम उडवा. बाकीचं आहे ना?"

"सर, जादा इंजेक्शन त्याच कॉलमवर ठरत होतं."

"मग रिपीट करा. नव्या शेळ्या मागवू."

"पुन्हा तेवढ्याच पायांची ऑपरेशनं करायची? माझ्या चुकीसाठी?"

त्यांनी फाईल पुढे ओढली. मी एथिक्स कमिटीला सगळं लिहून कळवलं आणि ट्रायल बंद झाली. दोनपैकी कोणतं औषध चांगलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

गुण देणाऱ्यापासून औषध लपवायचं असतं. सांभाळणाऱ्यापासून तक्ता लपवायचा नसतो. एवढं कळायला सात शेळ्या लागल्या.

निमाईदांना मी शेवटी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मी भरवलं नसतं, तर त्यांना इंजेक्शन मिळालं असतं?"

"चूक माझी आहे, निमाईदा."

"ते नाही विचारलं, दीदी. मिळालं असतं?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं.

आता निमाईदा चारा टाकतात आणि बाहेर जाऊन बसतात. शेळीला हात लावत नाहीत.