पिवळ्या तांदळांशिवाय आलेली पत्रिका

२०२४ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि अंगावरची वर्दी उतरायला दहा महिने बाकी होते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तापीच्या पुरातून प्रेतं काढली. तरी बसल्या जागी पुन्हा पुन्हा आठवते ती एका लग्नपत्रिकेची केस. तिच्यात रक्ताचा थेंब नाही. नाव कुणाचंच घेणार नाही, कारण सगळी माणसं बुऱ्हाणपुरातच आहेत आणि बाजारात भेटतात.

आधी माझं सांगतो. मी सातवी पास. तुकईथडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शिपाई म्हणून भरती झालो आणि एएसआय होऊन बाहेर पडलो. आमच्या मध्य प्रदेशात पोलीस थान्याची सगळी लिखापढी हिंदीत. ती मी शाळेत नाही, थान्यातल्या कारकुनाच्या, मुन्शीच्या, शेजारी बसून शिकलो. माझा रोजनामचा, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, नव्या पोरांना दाखवून साहेब लोक म्हणायचे, असं लिहा. घमेंड म्हणा, चालेल मला. याला कुणी फसवू शकत नाही, अशी थान्यात माझी ख्याती होती. ती पसरवणाराही मीच होतो.

त्या लग्नसराईत थान्यात एकाच तऱ्हेचे अर्ज यायला लागले. मोबाईलवर ओळखीच्या माणसाकडून लग्नपत्रिका येते. बोट लावलं की फोन विचारतो, हे चालू करू का, ते चालू करू का. माणूस पत्रिकेच्या घाईत हो हो करत जातो. पत्रिका काही दिसत नाही. थोड्या वेळानं तीच पत्रिका त्याच्या फोनमधून त्याच्या सगळ्या ओळखीच्यांना आपोआप जाते, आणि त्याचे मेसेज कुठंतरी तिसराच माणूस वाचत बसतो. काहींच्या बँक खात्यालाही हात लागला होता.

आमच्याकडे पत्रिकेला नाही म्हणत नाहीत. ओळख लागो न लागो, आपल्यातलंच कुणी असेल म्हणून उघडतात. लग्न कुणाचं, जेवण कुठं, आपल्या पुतणीच्या तारखेवर तर येत नाही ना, एवढं तरी बघतातच. फसवणाऱ्याला हे बरोबर माहीत होतं.

अर्ज घेऊन येणाऱ्यांना मी सोडत नव्हतो. "काय हो, वधू कोण होती? तेवढं तरी विचारायचं, आणि मग जेवायला निघायचं!" एका कापडवाल्याला म्हणालो, "शेठ, गिऱ्हाईकाची नोट तीनदा उजेडात धरता, आणि इथं डोळे मिटून बोट?" बाकीचे शिपाई हसले. तो मान खाली घालून बसला आणि अर्ज न देताच निघून गेला.

आता खरं लिहितो. ती पत्रिका मीही उघडली होती, थान्यात पहिला अर्ज यायच्याही आधी.

तुकईथडला माझा साडू राहतो. त्याच्या नंबरावरून आली, सकाळी अकराच्या सुमारास. त्याच्या घरी लग्नाचा मुलगा होता, मला वाटलं जमलं एकदाचं. फोननं जे विचारलं त्याला हो म्हटलं. माझा फोन जुना, पडदा अडकला आणि काळा झाला. फसलो हे कळलं, तसा पत्रिका पुढं कुणाला जायच्या आत मी तो बंद केला, रुमालात गुंडाळला आणि थान्यातल्या माझ्या खणात टाकून कुलूप लावलं. सगळ्यांना सांगितलं, राजघाटावर हात धुवायला वाकलो आणि फोन नदीत गेला. साडूलाही काही विचारलं नाही.

आता सरांचं. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, त्यांना कॉम्प्युटरचं भारी वेड. मोबाईलवर त्यांचा एक ग्रुप होता, दोनशेच्या वर माणसं. रोज सकाळी सातला सर त्यात एक मेसेज टाकायचे. बाजारात नवीन काय निघालं, फोनमधली कोणती सेटिंग बंद ठेवावी, पासवर्ड कसा असावा, सध्या कोणत्या फसवणुकीपासून सावध राहावं. आमच्या थान्यातलेही काही जण त्या ग्रुपात होते. मला दोनदा विचारलं. मी म्हणालो, "मला मास्तर नको. मी मास्तरांना आत टाकतो."

त्याच ग्रुपात, मला पत्रिका आली त्याच दिवशी, दुपारी एकनंतर, सरांच्याच नंबरावरून ती पत्रिका पडली. दुसऱ्या कुणाची असती तर चार जण थांबले असते. सरांची म्हटल्यावर कोण थांबतो? गावात एकदम ओरड झाली, सरांनी फसवलं.

तीन दिवसांनी राजपुऱ्यातल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्यानं मला हाक मारली.

"दादा, एक सांगू? पण माझं नाव नका घेऊ."

"तुझं नाव घेऊन मला काय पदक मिळणार आहे? बोल."

"सर आले होते, त्याच दिवशी. म्हणे, फोन पुरा कोरा करून दे, आत काहीच नको राहायला. मी म्हटलं, सर, हे तर तुम्हीच मले शिकवलं, माझ्याकडे कायले आणला? तर म्हणे, आज तूच कर."

ही बातमी मी टीआय साहेबांना, म्हणजे आमच्या थान्याच्या इन्स्पेक्टरांना दिली. साहेब तरुण, कामाला तेज. म्हणाले, "ग्रुप त्याचा, नंबर त्याचा, कॉम्प्युटरही त्यालाच येतो. वरून फोन कोरा केला. दादा, बोलवा त्याला. आज खरं सांगितलं तर ठीक, नाहीतर उद्या अटक."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सर स्वतःच्या स्कूटरवर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आमच्याकडे कॉम्प्युटरचं काम बघणारी एक तरुण महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, होती. ती नेमकी सरांचीच विद्यार्थिनी. ते खोलीत आले तशी ती उठून उभी राहिली, मग मला बघून परत बसली.

"सर, दोनच रस्ते आहेत," ती म्हणाली. "या तो फाईल आपने बनाई, या आपने खोली. उघडली असेल तर सांगा ना. बात खतम."

"मी उघडली नाही."

"मग बनवली?"

"बनवली नाही."

"मग तुमच्या फोनमधून गेली कशी?"

सर भिंतीकडे बघत राहिले. फोन कोरा का केला, विचारलं. म्हणाले, जुना झाला होता. दोन तास हेच चाललं. उघडली नाही, बनवली नाही, फोन जुना झाला होता.

माझा एक अनुभव आहे. खोटं रचणारा माणूस दरवेळी गोष्टीला नवीन शेपूट जोडतो. लाज लपवणारा माणूस एकच वाक्य घट्ट धरून बसतो, मार खाईल पण वाक्य सोडणार नाही. सर दुसऱ्या प्रकारचे होते. मला ते लगेच ओळखू आलं, कारण माझ्याकडेही तसंच एक वाक्य होतं. फोन नदीत गेला.

मी पोरीला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"सर, माझा फोन नदीत नाही गेला."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"खणात आहे. मी उघडली पत्रिका. साडूच्या मुलाचं लग्न ठरलं असं वाटलं."

"तुम्ही?" सर म्हणाले. "पण तुम्ही तर त्या कापडवाल्याला..."

"हो. गावभर झालं वाटतं ते."

सर हसले. हसता हसता चष्मा काढला आणि डोळे पुसायला लागले. मी खिडकीबाहेर बघितलं. मोठा माणूस रडत असला की पोलिसानं खिडकीबाहेर बघावं, हेही मी मुन्शीच्या शेजारी बसूनच शिकलो.

"एका जुन्या विद्यार्थ्याच्या नंबरावरून आली," ते म्हणाले. "वाटलं, पोरानं आठवण ठेवली. इतकी वर्षं शिकवल्यावर एखादा पत्रिका पाठवतो, तेव्हा माणूस ती कसली फाईल आहे ते बघत नाही, साहेब. त्या दिवशी सकाळी सातला मी ग्रुपात काय टाकलं होतं, माहीत आहे? न विचारता आलेली फाईल उघडू नका. आणि दुपारी मीच. जेल परवडलं, पण सर फसले, हे नको."

"जेलमध्ये गेलात तर लोक म्हणतील, सरांनी फसवलं. ते बरं?"

सरांनी चष्मा परत लावला. चहा आला, पोरगीही परत आली. मग पोरीला म्हणाले, "लिही बेटा. मी उघडली."

बयान झालं. पण टीआय साहेब वाचून म्हणाले, "सुटायचं म्हणून हा आता असं सांगतो. खरं कशावरून? फोन तर कोरा आहे."

सरांच्या त्या विद्यार्थ्याचा फोन मागवला. तोही कोरा. ज्या-ज्या अर्जदाराला विचारलं, त्याचा फोन कोरा. लाजेपायी सगळ्यांनी दुरुस्तीवाल्याकडून धुवून घेतले होते.

"काका," ती आरक्षक मला म्हणाली, "एक जरी फोन तसाच मिळाला ना, ज्यात ही फाईल सरांच्या ग्रुपच्या पहले आली, दुसऱ्याच माणसाकडून, तर सर सुटतात. फाईलचा पण ठसा असतो, अंगठ्यासारखा. मिळाला की झालं."

खणाची किल्ली माझ्या खिशात होती. मी बाहेर नळावर गेलो, तोंड धुतलं. दहा महिने राहिले होते. हार घालून, मिरवून घरी जायचं होतं. फोन दिला तर पंचनाम्यात माझं नाव लागणार, खोटं बोललो तेही लागणार. दोनदा तोंड धुतलं. आत सर बाकावर बसले होते, शर्टाची इस्त्री मोडली होती. मी आत गेलो, खण उघडला आणि रुमालाची पुरचुंडी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, जप्ती पंचनामा करा. फोनमालकाच्या जागी माझं नाव लिहा."

"दादा, हा तर नदीत..."

"नाही गेला. मी खोटं बोललो. रोजनामच्यात घ्या."

मग दारातला एक शिपाई हळूच म्हणाला, "दादा, वधू कोण होती?"

"साडूची सून," मी म्हणालो. "तू पण चल जेवायला."

तेव्हा कुठं सगळे हसले. मी पण हसलो, दुसरं करणार काय?

पोरीनं फोन चालू केला. पत्रिका अकराला आलेली, सरांच्या ग्रुपात ती पडली एकनंतर. दोन्हीकडच्या फाईलचा ठसा एकच. साडूला बोलावलं. त्याला ती आदल्या संध्याकाळी एका केळीच्या ट्रकवाल्याकडून आली होती, आणि त्या माणसाला सर ओळखतही नव्हते. धागा राज्याबाहेर निघाला, केस वरच्या ऑफिसात गेली. पुढं मूळ माणूस सापडला की नाही, मला कुणी कळवलं नाही. उगाच सापडला असं लिहिणार नाही. पण त्या संध्याकाळी सर आरोपी नाही, साक्षीदार म्हणून सही करून थान्याबाहेर पडले.

स्कूटरपाशी मला म्हणाले, "ग्रुप आज बंद करतो. आता कोणत्या तोंडानं शिकवू?"

"बंद करायचा नाही. उद्याचा सातचा मेसेज मी टाकतो."

"तुम्हाला टाईप करता येतं?"

"नाही येत. तरी टाकतो."

या केसनं काय शिकवलं ते एवढंच. फसवणारा फार हुशार होता, असं मला वाटत नाही. फसलेला माणूस गप्प बसतो आणि आपल्याच हातानं ठसे पुसून टाकतो, हे त्याला माहीत होतं. आणि थान्यात माझ्यासारखा हसणारा बसलेला असेल, तर तो गप्प बसणारच. जितके अर्ज आले त्याहून जास्त माझ्या जिभेला घाबरून घरी राहिले असतील. माझा फोन कोरा झाला नाही, ते काही मी हुशार म्हणून नाही. दुरुस्तीवाल्यापुढं जायलाही मला लाज वाटली, म्हणून पुरावा वाचला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझा फोन लागेल, सरांच्या ग्रुपात जायचं आहे.

"मी केव्हाची आहे त्यात," ती कणीक मळता मळता म्हणाली.

"मग तुला पत्रिका आली असेल."

"आली की."

"उघडली नाहीस?"

"दारात कुणी आलं नाही, पिवळे तांदूळ नाही ठेवले हातावर, कुंकवाचं बोट नाही. असली कसली पत्रिका? सरांच्या बायकोला फोन लावला, म्हटलं लग्न कुणाचं? त्या म्हणाल्या, आमच्याकडं तर कुणाचंच नाही. मग पुसून टाकली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कुणी काही सांगायचं असतं का?"

मी हात धुवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, चष्मा लावला आणि तिच्या फोनवर एका बोटानं लिहायला बसलो. चार ओळींना तास लागला. 'मी थान्यातला एएसआय. ही पत्रिका मी पण उघडली आणि लाजेनं लपवली. सरांचा दोष नाही. ज्यांनी उघडली त्यांनी फोन कोरा करू नका, बंद करून थान्यात आणा, कुणी हसणार नाही. आणि पिवळे तांदूळ घेऊन दारात न आलेल्याला आधी फोन करून विचारा, मगच पत्रिका उघडा.' शेवटची ओळ बायकोची आहे, हे लिहायचं राहिलं. इथं लिहितो.

बरोबर सातला पाठवलं. वर्दी चढवली. थान्याकडं जाताना वाट वाकडी करून कापडवाल्याच्या दुकानावर गेलो. तो शटर उघडत होता, ते अर्ध्यावर अडकलं होतं.

"शेठ, थान्यात चला. तुमचा अर्ज राहिला आहे. मी स्वतः लिहून घेतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मेसेज वाचला," तो म्हणाला. "हसणार नाही ना?"

"नाही."

मी शटरचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ते वर ढकललं.